चित्रं वाचली, ब्रश गेले

(रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत, सोसायटीच्या हॉलमध्ये ए विंगमधील एका सभासदांनी केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न व उत्तरे दिली आहेत. – संपादन समिती)



सेक्रेटरींनी मला बोलायला सांगितलं तेव्हा त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की "तुम्ही इतकी वर्षं छापखान्यात काढलीत, कॉम्प्युटरचं तुम्हाला कळतं, तर मुलांना चार उपयोगाच्या गोष्टी सांगा." मी म्हटलं, मुलांनाच का? आपल्याच तीन विंगमध्ये कॉम्प्युटरवर चित्र काढणारी माणसं मी मोजायला घेतली तर दोन्ही हातांची बोटं संपली. बी विंगमध्ये एकजण अ‍ॅनिमेशन शिकतोय. दोघी मुली अप्लाइड आर्टच्या प्रवेशासाठी पोर्टफोलिओ तयार करताहेत. आमच्याच मजल्यावरच्या वहिनी लग्नपत्रिका करून देतात, आणि त्यांचं घर बऱ्यापैकी त्यावर चालतं. आयपॅडवर रंगवणारे नातू-नाती तर विचारूच नका. आणि सी विंगमधल्या काकू.

काकूंचं उदाहरण मी त्यांची परवानगी घेऊनच सांगतोय. फक्त नाव घेऊ नका म्हणाल्या. जणू काही नाव न घेतल्यानं इथे कुणाला कळणारच नाही! (हशा) काकू शाळेत चित्रकला शिकवायच्या. रिटायर झाल्यावर मुलानं पेन-टॅब्लेट आणून दिला आणि त्यांनी क्रिटा नावाच्या सॉफ्टवेअरवर चित्रं काढायला सुरुवात केली. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि फुकट असलं तरी हलकं मुळीच नाही. 'क्रिटा' हा स्वीडिश भाषेतला शब्द, अर्थ खडू. जन्मभर खडू हातात घेतलेल्या बाईंना नेमकं तेच मिळालं.

काकूंनी आपल्या सोसायटीच्या २५ वर्षांवर १२ चित्रं काढायला घेतली. पाण्याच्या टँकरमागची रांग, पहिला गणपती, २६ जुलैला कंपाउंडमध्ये तरंगणाऱ्या स्कूटर, असे विषय. त्यासाठी तीन वर्षं खपून त्यांनी स्वतःचे ब्रश बनवले. एक ब्रश पोपडे उडालेल्या भिंतीसारखा उमटायचा. एक ओल्या डांबरासारखा. एक चिमटीतून सुटणाऱ्या रांगोळीसारखा. सात चित्रं झाली आणि कॉम्प्युटर फार हळू चालायला लागला म्हणून दुरुस्तीला दिला. तिथला मुलगा म्हणाला, "काकू, फॉरमॅट मारून देतो, एकदम नवा होईल." काकूंनी विचारलं, "माझी चित्रं?" तो म्हणाला, "डी ड्राइव्हला आहेत ना? तिकडे हातच लावत नाही."

त्यानं शब्द पाळला. सातही चित्रं जशीच्या तशी परत आली. क्रिटा त्यानं नव्यानं टाकून दिला. आणि ब्रश गेले. सगळे.

आता त्या मुलाला दोष द्यायला मी उभा नाही. त्यानं विचारायला हवं होतं, हे खरं. पण हे असं का होतं ते आपल्याला माहीत नसेल तर उद्या दुसरा कुणीतरी हेच करील.

चित्राच्या फाइलमध्ये काय असतं? रंग असतात, थर असतात, म्हणजे ज्याला आपण लेअर म्हणतो ते. ते ज्या ब्रशनं काढलं तो ब्रश त्यात नसतो. पुरणपोळी डब्यात भरून मिळाली म्हणून डब्यातून तवा आणि लाटणं मिळत नाही, तसंच. ब्रश म्हणजे एक छोटीशी वेगळी नोंद असते. टोकाचा आकार कसा, दोन ठिपक्यांत अंतर किती, पेन दाबलं की रंग किती गडद व्हावा, असं सगळं त्यात लिहिलेलं असतं. ती नोंद आपल्या डी ड्राइव्हवर नसते. विंडोजमध्ये ती सी ड्राइव्हवर, तुमच्या नावाच्या फोल्डरच्या आत 'अ‍ॅपडेटा' नावाच्या फोल्डरमध्ये राहते, आणि तो फोल्डर मुळात लपवलेला असतो. चुकून कुणी हात लावू नये म्हणून लपवलेला. त्याचाच परिणाम असा, की वाचवायची वेळ आली तरी तो कुणाला दिसत नाही. फॉरमॅट मारला की सी ड्राइव्हबरोबर तोही साफ.

क्रिटाचे ब्रश अ‍ॅपडेटामधल्या 'रोमिंग' या भागात असतात आणि त्याच्या सेटिंग्जची फाइल 'लोकल' या भागात. म्हणजे एकाच सॉफ्टवेअरचा संसार दोन खोल्यांत. पण तिथपर्यंत शोधत जायची गरज नाही. क्रिटाच्या सेटिंग्ज मेनूत 'मॅनेज रिसोर्सेस' म्हणून एक खिडकी आहे, तिथून तो फोल्डर थेट उघडता येतो. आपले निवडक ब्रश, रंगपट्ट्या, पॅटर्न एकत्र बांधून त्यांची 'बंडल' नावाची एकच फाइल करायची सोयही त्यात आहे. फोटोशॉपमध्ये ब्रशच्या यादीतून निवडलेले ब्रश एक्सपोर्ट करता येतात. आयपॅडवरच्या प्रोक्रिएटमध्ये ब्रशचा अख्खा संच शेअर करता येतो. आकारानं या फाइली चित्रांपुढे किरकोळ असतात. तीन वर्षांचं काम एका मेलला जोडून स्वतःलाच पाठवता येईल एवढं लहान निघण्याची शक्यता जास्त.

प्रोक्रिएट वापरणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी आणखी एक लक्षात ठेवा. त्यातली चित्रं त्या अ‍ॅपच्या आतच राहतात. आयपॅडमध्ये जागा कमी पडते म्हणून अ‍ॅप डिलीट केलं, की चित्रंही त्याच्याबरोबर गेली. आधी ती बाहेर काढून ठेवायची.

वहिनींसाठी यात अजून एक भानगड आहे, ती फॉन्टची. युनिकोड सर्रास होण्याआधी आपल्याकडे मराठी मजकूर खास फॉन्टमध्ये टाइप व्हायचा, आणि बऱ्याच ठिकाणी अजूनही होतो. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. आमच्या छापखान्यात आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी अशी फाइल घेऊन यायचं, आणि लग्न परवावर आलेलं असायचं. म्हणून प्रत्येक कामाच्या फोल्डरमध्ये त्या कामाला वापरलेले फॉन्टही ठेवायचे. शिवाय छपाईला देताना अक्षरांचे आकारात रूपांतर करून, ज्याला कोरलवाले 'कर्व्ह करणं' म्हणतात, त्याची एक वेगळी प्रत. मूळ प्रत मात्र तशीच ठेवायची, कारण कर्व्ह केल्यावर नवऱ्या मुलीच्या नावातली वेलांटी सुधारता येत नाही.

आता सॉफ्टवेअरचं. सॉफ्टवेअरचा कसला बॅकअप, ते तर इंटरनेटवर मिळतंच, असं वाटतं. त्यावर एक खरी गोष्ट सांगतो.

अँडी वॉरहॉल हे अमेरिकेतले फार मोठे चित्रकार. सूपच्या डब्यांची चित्रं काढणारे, तेच. १९८५ साली न्यूयॉर्कमध्ये लिंकन सेंटरला अमिगा नावाचा कॉम्प्युटर लोकांपुढे आणला गेला, त्या कार्यक्रमात वॉरहॉलनी स्टेजवर बसून डेबी हॅरी या गायिकेचं चित्र कॉम्प्युटरवर केलं. नंतरही त्यांनी त्या मशीनवर थोडी चित्रं काढली. १९८७ साली ते गेले. फ्लॉपी पिट्सबर्गच्या वॉरहॉल म्युझियममध्ये राहिल्या. पुढे कोरी आर्कान्जेल नावाच्या एका चित्रकारानं त्या स्टेजवरच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ पाहिला आणि म्युझियमकडे चौकशी केली, की त्या फाइली कुठे आहेत? तेव्हा हालचाल सुरू झाली. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या कॉम्प्युटर क्लबच्या मंडळींनी फ्लॉपी वाचल्या. फाइली मिळाल्या, पण त्या उघडेनात! कारण वॉरहॉलनी वापरलेलं सॉफ्टवेअर बाजारात येण्याच्याही आधीचं होतं, आणि त्याची फाइल लिहिण्याची पद्धत कुणालाच माहीत नव्हती. त्या मंडळींनी ती पद्धत उलगडली, तेव्हा २०१४ मध्ये चित्रं जगाला दिसली. त्यात एक सूपचा डबा आहे आणि बोत्तिचेल्लीची व्हीनस आहे, तिला तिसरा डोळा लावलेला.

वॉरहॉल होते म्हणून विद्यापीठ कामाला लागलं. आपल्या फाइलींसाठी कोण लागणार?

म्हणून प्रत्येक पुऱ्या झालेल्या चित्राच्या दोन प्रती हव्यात. एक काम करण्याची, लेअरसकट. दुसरी सपाट, टिफ किंवा पीएनजीमध्ये, पूर्ण आकाराची. ही दुसरी प्रत कुठल्याही कॉम्प्युटरवर, कुठल्याही सॉफ्टवेअरशिवाय दिसेल. जेपीजी चालेल का? दाखवायला चालेल, जपायला नको. प्रत्येक वेळी बदल करून सेव्ह केलं की ते थोडं थोडं झिजतं.

सॉफ्टवेअर डाउनलोड करून टाकलं असेल तर ती इन्स्टॉल करायची फाइल फेकू नका, व्हर्जनच्या आकड्यासकट ठेवा. नव्या व्हर्जननं सेव्ह केलेली फाइल जुन्यात बहुतेक वेळा उघडत नाही, हे कोरलवाल्यांना सांगायला नको. आणि विकत घेतलेलं असेल, किंवा अडोबीनं सुरू केलं तसं दरमहा भाड्याचं असेल, तर एका साध्या वहीत लिहून ठेवा. सॉफ्टवेअर कुठलं, कुठल्या ईमेलवर घेतलं, पावती कुठे आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो. हसू नका. आपल्याकडे अशी घरं आहेत जिथे चित्र आई काढते आणि ओटीपी न्यू जर्सीत मुलाला जातो, तेव्हा तिकडे रात्रीचे अडीच वाजलेले असतात.

बरं, प्रती केल्या. त्या ठेवायच्या कुठे? अमेरिकेतले एक फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी यासाठी एक सोपा हिशोब लोकप्रिय केला, तीन-दोन-एक. एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. पहिले दोन आकडे लोक पाळतात. शेवटचा एक पाळत नाहीत.

तळमजल्यावरच्या मंडळींना मी हे समजावून सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेव्हा आपली सोसायटी सहा वर्षांची होती. ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांच्या टेबलाखालचा सीपीयू गेला, आणि खालच्या ड्रॉवरमधल्या बॅकअपच्या सीडीही त्याच पाण्यात गेल्या. लग्नाचे अल्बम लोकांनी पंख्याखाली एकेक पान करून वाळवले. हार्ड डिस्क अशी वाळवता येत नाही.

तेव्हा एक डिस्क बहिणीकडे ठाण्याला, नाहीतर पुण्याला दिरांकडे ठेवा. हळदीकुंकवाला जाताना नवी न्यायची, जुनी परत आणायची. दुसऱ्याच्या घरी ठेवताना तिला पासवर्ड घाला, आणि तो पासवर्ड त्या वहीत लिहा. डिस्कबरोबर चिकटवू नका.

'आमचं सगळं क्लाउडवर आहे' असं म्हणणारे इथे बरेच असतील. चांगलं आहे, पण दोन गोष्टी तपासा. गुगलच्या फुकट खात्यात १५ जीबी जागा मिळते, आणि त्यातच मेल, ड्राइव्ह आणि फोटो सगळं बसवायचं असतं. ए-३ आकाराचं चित्र ३०० डीपीआयला घेतलं तर साधारण ३५०० बाय ४९६० पिक्सेल होतात, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेमरीत एका लेअरला ७० एमबीच्या आसपास. फाइल दाबून सेव्ह होते म्हणून लहान दिसते, तरी १५ जीबी भरायला वेळ लागत नाही. आणि भरली की फाइली वर चढायच्या थांबतात. त्याची सूचना येते, पण ती आपण रोजच्या इतर सूचनांबरोबर बाजूला सरकवतो.

दुसरी गोष्ट, सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सिंकचं काम दोन्हीकडे सारखं ठेवणं. इकडे तुम्ही चित्र डिलीट केलंत, की तिकडेही ते डिलीट होतं. गुगल ड्राइव्हच्या कचऱ्याच्या टोपलीत ते ३० दिवस राहतं, मग जातं. मुलानं जूनमध्ये चुकून उडवलेलं चित्र गणपतीच्या सुट्टीत आठवलं, तर संपलं.

आणि फाइलींना कुलूप लावून पैसे मागणारे व्हायरस आहेत, ते कॉम्प्युटरला जोडून ठेवलेल्या डिस्कलाही सोडत नाहीत. यातले बरेच क्रॅक केलेल्या चोरीच्या सॉफ्टवेअरमधून घरात शिरतात. मला इथे कुणाला उपदेश करायचा नाही. पण फुकटच हवं असेल तर क्रिटा आहे, गिम्प आहे, इंकस्केप आहे, ती घ्या. बॅकअपची डिस्क काम झालं की काढून कपाटात ठेवा. काढतानाही 'इजेक्ट' करून काढा, वायर ओढू नका.

आता शेवटची, आणि माझ्या मते सगळ्यात कमी पाळली जाणारी गोष्ट. ती पिक्सारसारख्यांच्याही हातून सुटली. १९९८ साली 'टॉय स्टोरी २'चं काम चालू असताना कुणीतरी चुकून फाइली पुसण्याचा हुकूम दिला. बघणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत आधी वुडीची टोपी गेली, मग बूट, मग वुडीच. मशीन बंद करेपर्यंत चित्रपटाचा बहुतेक भाग पुसला गेला होता. बॅकअप होताच की! पण परत आणायला गेले तेव्हा कळलं, की बॅकअप गेले कित्येक दिवस नीट होतच नव्हता, आणि ते कुणी तपासलं नव्हतं. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या बाईंमुळे. त्यांचं बाळ लहान होतं म्हणून त्या घरून काम करायच्या आणि घरच्या मशीनवर त्यांच्याकडे एक प्रत होती. ते मशीन ब्लँकेटमध्ये गुंडाळून गाडीतून ऑफिसला आणलं. १९९९ मध्ये, म्हणजे आपली सोसायटी रजिस्टर झाली त्याच वर्षी, चित्रपट लागला.

तेव्हा बॅकअप घेतला एवढ्यावर थांबू नका. तो उघडून बघा. त्यासाठी दुसरा कॉम्प्युटर हवा, भावाचा चालेल, शेजाऱ्याचा चालेल. त्यावर सॉफ्टवेअर टाका, डिस्क जोडा, एक चित्र उघडा, आपला एक ब्रश त्यात आणा आणि एक रेघ मारून बघा. रेघ आपली वाटली तर बॅकअप झाला. वर्षातून दोनदा पुरे. दिवाळीची साफसफाई काढताना एकदा आणि मुलांच्या परीक्षा संपल्यावर एकदा.

काकूंनी नंतर ते ब्रश डोळ्यांच्या अंदाजानं पुन्हा बनवले. हॉलबाहेर १२ चित्रं लावली आहेत, जाताना बघा. सातव्यापर्यंतची भिंत आणि आठव्यापासूनची भिंत निराळी आहे. मला ती सांगेपर्यंत कळली नव्हती. काकू म्हणतात, "मला दुसरं काही दिसतच नाही." मी त्यांना म्हटलं, सोसायटीनं मध्ये एकदा प्लास्टर केलंच होतं ना! त्या हसल्या, पण पटलं नाही त्यांना.

आता काही विचारायचं असेल तर विचारा.

प्रश्न : फॉरमॅट मारला असेल तर ब्रश परत मिळत नाहीत का? डेटा रिकव्हरीवाले असतात ना?

उत्तर : असतात. पण फॉरमॅटनंतर त्याच जागेवर विंडोज नव्यानं टाकलेलं असतं, म्हणजे जुन्यावर नवं लिहिलं गेलेलं असतं. शक्यता फार कमी होते. एसएसडी असेल तर आणखी कमी. काही गेलंय असं लक्षात आलं तर पहिलं काम, कॉम्प्युटर बंद करा. त्यावर आणखी काही टाकत बसू नका.

प्रश्न : दुरुस्तीला देताना नेमकं काय सांगायचं?

उत्तर : तोंडी सांगू नका, कागदावर लिहून द्या आणि त्याची सही घ्या : 'विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये.' आणि देण्याआधी तुमच्या नावाचा अख्खा फोल्डर, लपलेल्या फोल्डरसकट, डिस्कवर कॉपी करून घ्या.

प्रश्न : चित्रं मी ग्रुपवर टाकते, तिथून परत घेता येतील ना?

उत्तर : मिळतील, पण व्हॉट्सअ‍ॅप नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेला फोटो बराच लहान करतं. लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलची उरते. चांगल्या छपाईत ती जेमतेम सव्वापाच इंच येते, म्हणजे पोस्टकार्डाएवढं चित्र. या स्मरणिकेसाठी तसे फोटो पाठवलेल्यांनी आपापलं पान बघून घ्यावं! 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलं तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते.

प्रश्न : पेन ड्राइव्हवर ठेवलं तर?

उत्तर : न्यायला-आणायला ठीक. वर्षानुवर्षं जपायला नको. हरवतोही फार.

प्रश्न : आमच्याकडे जुन्या सीडी आहेत, दहा-बारा वर्षांपूर्वीच्या. मुलाची लहानपणची पेंटमधली चित्रं आहेत त्यात. नव्या लॅपटॉपला सीडीची जागाच नाही.

उत्तर : घरी लिहिलेल्या सीडीतला रंगाचा थर काळानं खराब होतो, तेव्हा थांबू नका. माझ्याकडे यूएसबीनं जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह आहे. सोमवारपासून तो सोसायटीच्या ऑफिसात ठेवतो. रजिस्टरमध्ये सही करून न्या, दोन दिवसांत परत आणा. वायर सोबत आहे, तीही मोजून परत द्या.